आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण बेळगावच्या आजच्या मुलांना ती समजावून सांगताना शिक्षकाची पंचाईत होते. आठवीच्या वर्गात मला हा अनुभव आला. आड म्हणजे काय हे निम्म्या मुलांना ठाऊक नव्हते. पोहरा तर कोणीच पाहिला नव्हता. "सर, पाणी नळातून येते," असे एका मुलाने ठामपणे सांगितले. त्याचे उत्तर चूक नव्हते, अपुरे होते. ते पुरे करावे आणि त्या निमित्ताने घरात पाणी वापरण्याच्या आपल्या रोजच्या सवयी तपासून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे. महोत्सवी स्मरणिकेत थोरांच्या आठवणींच्या पंक्तीला हा घरगुती विषय बसवून घेतला, याबद्दल संपादक मंडळाचा मी आभारी आहे.

नळापाठीमागचे पाणी

आपल्या भागातील तांबडी माती व जांभा दगड यांचा एक गुण असा की जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पिऊन घेतो आणि पुढे ते विहिरींना हळूहळू देत राहतो. म्हणूनच जुन्या पेठांतून घरोघरी आड होते. डिसेंबर 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे टिळकवाडीच्या बाजूस भरले, तेव्हा जमणाऱ्या हजारो लोकांच्या पाण्यासाठी नवी विहीरच खोदावी लागली. तिला पंपा सरोवर असे नाव दिले होते; आपण तिला काँग्रेस विहीर म्हणतो. अधिवेशन संपले, तंबू उठले, पण विहीर मागे राहिली आणि शहराच्या उपयोगी पडली.

पुढे 1962 साली मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचे पाणी आले आणि शहर वाढले तसे घटप्रभेवरील हिडकल धरणाचेही पाणी आणावे लागले. घरात नळ आला ही सोय लहान नव्हे. बायकांच्या खांद्यावरची आणि कमरेवरची घागर तिने उतरवली. पण या सोयीबरोबर एक विसरही आला. हिडकल धरण काठोकाठ भरले तरी त्याची पातळी समुद्रसपाटीपासून 2,175 फूट असते. आपले शहर सुमारे 2,500 फुटांवर वसलेले आहे. म्हणजे ते पाणी आपोआप वाहत येत नाही, सुमारे शंभर मीटर चढवून आणावे लागते. चार हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवण्यास, पंपात व नळात काहीही वाया गेले नाही असे मानले तरी, एक युनिटाहून थोडी अधिक वीज लागतेच; प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त लागते. मोरीत सांडलेल्या बादलीबरोबर ही वीजही वाहून जाते.

एक कबुली

इतरांस उपदेश करण्यापूर्वी स्वतःचे सांगितलेले बरे. आमच्या जुन्या घराच्या परसात आड होता. दादी असेपर्यंत तो दरवर्षी वैशाखात उपसला जाई. नळ आला, दादी गेली, आणि आम्ही आडावर फरशी टाकली. फरशीच्या फटीतून हळूहळू केरकचराही आत जाऊ लागला. 1995 च्या सुमारास पाण्याची टंचाई पडली, तेव्हा मी शाळेत शिकत होतो. त्या काळात महानगरपालिकेने काँग्रेस विहीर व इतर जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या. सारे शहर जुन्या विहिरींकडे वळले होते, आणि आम्ही भावंडे मात्र घरच्या आडाच्या फरशीला वळसा घालून कळशी घेऊन रांगेत उभे राहत होतो.

दुसरी चूक मोठेपणी झाली. नळाचा दाब कमी म्हणून मी नळाच्या तोंडालाच मोटार जोडली. आमची टाकी भरून वाहू लागली. काही आठवड्यांनी गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या काकू रिकामी कळशी घेऊन दारात आल्या नि म्हणाल्या, "मास्तर, तुमच्याकडे पाणी येतंय नव्हं? माझा नळ नुसता सूं सूं करतोय." त्यांना कारण ठाऊक नव्हते, मला होते. मी कळशी भरून दिली, पण त्यांच्याकडे मान वर करून पाहवेना. त्याच संध्याकाळी मोटार काढली. एका नळावर पुष्कळ घरे असतात, आणि ओढून घेतलेले पाणी कोणाच्या तरी घागरीतले असते, हे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एका कळशीने शिकवले.

मोजल्यावाचून कळत नाही

काटकसरीची सुरुवात मोजण्यापासून होते. पैशाचा हिशेब ठेवणारे आपण पाण्याचा ठेवत नाही. शहरात माणशी दररोज 135 लिटर पाणी हे आपल्या देशात मान्य झालेले प्रमाण आहे. चौघांच्या कुटुंबास ते 540 लिटर होते. ते कोठे जाते हे घरच्या बादलीने पाहावे.

साधा नळ मिनिटाला पाच-सहा लिटर सहज देतो. नळ सुरू ठेवून तीन मिनिटे दात घासले की एक बादली गेली. तांब्याभर पाण्यात तेच काम होते. वायसर झिजून सेकंदाला एक थेंब गळणारा नळ घ्या. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाच्या 86,400 थेंबांचे चार लिटरांहून अधिक, आणि वर्षाचे दीड हजार लिटरांहून अधिक पाणी होते. हा वायसर काही रुपयांना मिळतो आणि बदलण्यास दहा मिनिटे लागतात. अलीकडे घराघरांत पाणी शुद्ध करणारी आर. ओ. यंत्रे आली आहेत. ती एक लिटर पाणी देताना पुष्कळदा दोन-तीन लिटर बाहेर टाकतात. ती नळी मोरीत सोडण्याऐवजी बादलीत सोडावी. ते पाणी फरशी पुसण्यास वा संडासात ओतण्यास चालते.

तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडांना घालावे. भांडी वाहत्या नळाखाली न घासता आधी घासून मग एकदम विसळावीत. कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी अंगण धुण्यास ठेवावे. आपल्या आया-आज्या हे सारे करीत होत्या. त्यांना ते कोणी शिकवले नव्हते, कारण प्रत्येक पोहरा हाताने ओढावा लागत होता. आता हाताला श्रम नाहीत, तेव्हा आठवण मनाने ठेवली पाहिजे.

धर्माचरणातही ही शिकवण आहे. पैगंबरसाहेबांच्या वुजूला एक मुद्द पाणी पुरे होत असे, अशी हदीस आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ; आजच्या मापाने पाऊण लिटराच्या आतबाहेर. आज नळ सोडून वुजू करताना तीन मिनिटांत पंधरा लिटर जातात, हे मी आधी स्वतःला आणि मग इतरांस सांगतो. शेजारच्या जोशीकाकांच्या संध्येत आचमनाला पळीभर पाणी लागे. दोन्हीकडे पावित्र्य पाण्याच्या राशीवर अवलंबून नव्हते.

छपरावरचे पाणी

वापर आटोक्यात आला की साठ्याकडे पाहावे. बेळगावात वर्षाला सरासरी एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर एक हजार मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 46,000 लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी 37,000 लिटर उरते. वर सांगितलेल्या कुटुंबाला ते दोन महिन्यांहून अधिक दिवस पुरेल. हे सारे पाणी आज गटारात जाते.

युक्ती सोपी आहे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, म्हणजे छपरावरची धूळ व पक्ष्यांची विष्ठा निघून जाते. नंतरचे पाणी जाळीतून आणि खडी-वाळूच्या थरांतून गाळून आडात सोडावे. आड संडासाच्या खड्ड्याजवळ असेल तर त्याचे पाणी पिण्यास घेऊ नये. तुरटीने गाळ खाली बसतो, रोगजंतू मरत नाहीत. म्हणून पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. आडावर मजबूत जाळी हवी, नाहीतर मुलांना धोका. आणि उपसा चालू ठेवावा. वापरात नसलेल्या आडाकडे कोणाचे लक्ष राहत नाही आणि त्याची कचराकुंडी होते.

काही वाचक विचारतील, रस्त्याखालचे मोठे नळ फुटून पाणी वाहते, तेथे आमच्या थेंबांचे काय? प्रश्न रास्त आहे. फुटलेल्या नळाची तक्रार अवश्य करावी, पाठपुरावाही करावा. पण गळका नळ घरात ठेवून केलेल्या तक्रारीला जोर येत नाही. निसर्गानेही आपल्याला दोन्ही टोके दाखवली आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये आपल्या जिल्ह्यात पुराने घरे पडली. 2023 साली कर्नाटकातील बहुतेक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. चार वर्षांत पाणी जास्त झाले आणि कमीही पडले. साठवण्याची सवय दोन्ही वेळी उपयोगी पडते.

शेवटी संस्थेस एक नम्र विनंती. आपल्या सभागृहातील समारंभांत अर्धे पिऊन टाकलेले पेले व बाटल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पेला अर्धाच भरून द्यावा, हवे त्याने पुन्हा मागावे, एवढी प्रथा संस्थेने पाडली तरी ती घरोघरी जाईल. सभागृहाच्या छपराचे पाणी जमिनीत जिरवले तर शाळेच्या मुलांना दाखवण्यास एक उदाहरण मिळेल.

आमच्या आडावरची फरशी मी काढली आहे. उपसायला तीन दिवस लागले. तळाशी डबे, चिंध्या, आणि दादीचा हरवलेला तांब्या सापडला. पहिल्या पावसाळ्यानंतर आठवीच्या मुलांना बोलावून पोहरा सोडला. "सर, आता म्हण कळली," असे तोच मुलगा म्हणाला. संस्थेच्या पुढच्या महोत्सवापर्यंत अशा म्हणी समजणारी मुले गल्लोगल्ली असावीत, हीच सदिच्छा.