तातडीच्या कक्षातील उपशामक शुश्रूषा : संज्ञा आणि संवाद

अत्यवस्थ रुग्णाच्या अखेरच्या घटकांत वैद्याने आप्तांशी कोणत्या शब्दांत बोलावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा. परंतु त्याचा अर्धा भाग भाषेचा आहे. रुग्णालयाचा तातडीचा कक्ष जीव वाचविण्यासाठी असतो. तथापि अखेरच्या अवस्थेतील कर्करोग, मूत्रपिंडविकार वा हृदयविकार यांचे रुग्ण धाप किंवा वेदना असह्य झाली म्हणजे तेथेच आणले जातात. त्यांच्यापुरता ‘वाचविणे’ या शब्दाचा अर्थ बदलावा लागतो.

‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द लॅटिनमधील ‘पॅलियम’ म्हणजे प्रावरण, यावरून आला. त्यात झाकण्याची छटा आहे. मराठी ‘उपशामक’ हा शब्द ‘शम्’ धातूपासून आला असून त्यात निवविण्याची छटा आहे. आयुर्वेदाने व्याधींचे साध्य व असाध्य असे भेद करून असाध्यांत पुन्हा ‘याप्य’ व ‘प्रत्याख्येय’ असे दोन प्रकार मानले. याप्य व्याधी उपचारांनी आटोक्यात राहते. प्रत्याख्येय व्याधीवर उपचार नाकारावा असा संकेत होता. उपशामक शुश्रूषेचे वेगळेपण येथेच दिसते : ज्याचा रोग प्रत्याख्येय, तो रुग्ण मात्र प्रत्याख्येय नाही, हे तिचे मूलतत्त्व होय.

व्यवहारात हा भेद एका वाक्याने पुसला जातो. ‘आता काही करता येणार नाही’ या वाक्यातील ‘काही’ हा शब्द नकाराच्या कक्षेत येताच रोगनिवारणाबरोबर वेदनाशमनही नाकारतो. ‘घरी घेऊन जा, सेवा करा’ या वाक्यात सेवेचा भार आप्तांवर पडतो. मात्र धाप लागल्यास काय द्यावे, हे अनुक्तच राहते. याउलट ‘आजार बरा होणार नाही, पण दुखणे आणि धाप कमी करण्याचे उपचार चालूच राहतील’ या वाक्यात नकार रोगापुरता मर्यादित राहतो. मॉर्फिनच्या योग्य मात्रेने वेदना व धाप दोन्ही कमी होतात. म्हणून हे आश्वासन पोकळ नव्हे.

नांदेड व लातूर येथे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, शिवाय दखनी उर्दू व बंजारा बोली प्रचारात आहेत. आप्त ‘ऊर्ध्व लागला’ किंवा ‘घरघर लागली’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना मृत्यूची चाहूल लागलेली असते. वैद्याने तोच शब्द उचलून पुढे बोलावे, हे श्रेयस्कर.

संज्ञांचा आणखी एक घोटाळा कायद्याच्या क्षेत्रात होतो. अरुणा शानबाग प्रकरणातील २०११ च्या निकालानंतर ‘दयामरण’ हा शब्द रूढ झाला. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क व आगाऊ वैद्यकीय निर्देश मान्य केले. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची कार्यपद्धती सुलभ केली. परंतु निष्फळ कृत्रिम उपचार थांबविणे ही एक गोष्ट आणि वेदनाशमन ही दुसरी. पहिलीस न्यायालयाने घालून दिलेली पद्धती पाळावी लागते. दुसरी प्रत्येक रुग्णास पहिल्या घटकेपासून देय आहे. हे दोन अर्थ एकाच शब्दात कोंबले गेले, तर त्याची किंमत रुग्णाला वेदनेच्या रूपाने मोजावी लागते.