पाणीपाळी : धनोडीपासून फरक्क्यापर्यंत

वर्धा नदी उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ. महाराष्ट्रात सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण तिला अडवतं, मग आर्वीजवळ धनोडीला निम्न वर्धा. पुढे पैनगंगेला सोबत घेऊन ती वैनगंगेला मिळते, प्राणहिता होते आणि तेलंगणाच्या सीमेवरून गोदावरीत जाते. वर्धा जिल्हा म्हणजे एकाच वेळी मध्य प्रदेशाचा खालचा शेजारी आणि तेलंगणाचा वरचा. नदीच्या वाटपातल्या दोन्ही बाजू त्याच्या वाट्याला आल्या आहेत.

गोदावरी खोऱ्याच्या पाण्याचं भांडण १९६९ मध्ये न्या. बचावत यांच्या लवादापुढे गेलं. १९८० च्या अंतिम निवाड्याचा कणा मात्र राज्यांनी १९७५ पासून आपसात केलेल्या करारांचा आहे. लवादानं मुख्यतः त्यांनाच मान्यता दिली. शेजाऱ्यांनी समोरासमोर बसून ठरवलेलं टिकतं, असं यावरून म्हणावंसं वाटतं. पण ठरवताना कोणाला विचारलं, हेही पाहावं लागतं. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणानं मुंबईत करार केले. प्राणहितेवरच्या तुम्मिडीहट्टी बंधाऱ्याची उंची १५२ ऐवजी १४८ मीटर ठरली, गोदावरीवरच्या मेडीगड्ड्याची १०० मीटर. पुढे मेडीगड्ड्याच्या फुगवट्यानं शेतं बुडतात, अशा तक्रारी सिरोंच्याच्या शेतकऱ्यांनी केल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर त्या बंधाऱ्याचे खांबच खचले. उंची कागदावर नेमकी ठरली होती. फुगवटा ज्यांच्या बांधावर येणार होता, ते शेतकरी त्या टेबलाशी नव्हते.

आपल्या कालव्यांवर याहून शहाणी रीत आहे. पावसाळा सरला की ऑक्टोबरमधला धरणसाठा पाहून कालवा सल्लागार समिती रब्बीच्या पाळ्या ठरवते. साठा कमी, तर पाळ्या कमी. आणि नियम असा की पाळी टेलकडून, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडून सुरू व्हावी, हेडकडून, म्हणजे मुखाकडून नव्हे. प्रत्यक्षात तो कितीदा मोडतो, हे टेलच्या शेतकऱ्याला विचारावं. नियम तरीही न्याय्य आहे. वरच्याला पाणी मिळतंच, खालच्याची खात्री आधी करावी लागते.

भारत-बांगलादेश गंगा करारातही पाळी आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या या करारानुसार ११ मार्च ते १० मे या टंचाईच्या काळात दहा-दहा दिवसांच्या पाळ्या आहेत; त्यांत आलटून-पालटून एकेका देशाला ३५,००० क्युसेकची हमी आहे. मात्र वाटपाचा तक्ता १९४९ ते १९८८ च्या सरासरी प्रवाहावर बेतलेला. गंगेवरच्या फरक्का बंधाऱ्याशी प्रवाह ५०,००० क्युसेकच्या खाली गेला, तर दोन्ही सरकारांनी तातडीनं चर्चा करावी, एवढंच त्यात आहे. धनोडीच्या कालव्यावर असा तक्ता कोणी मान्य करणार नाही; चाळीस वर्षांपूर्वीचा साठा पाहून यंदाचा हरभरा कोण पेरेल?

या कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. पुढच्या करारात ठरीव आकड्यांऐवजी टक्केवारी असावी, ती दरवर्षी प्रत्यक्ष प्रवाह मोजून लावावी, आणि मोजणीचे आकडे दोन्ही देशांतल्या शेतकऱ्यांना त्याच दिवशी मिळावेत. शिवाय समुद्राकडे जाणाऱ्या पाण्याचा वाटा सर्वांत आधी बाजूला काढावा. नदीचा टेल समुद्रच आहे.