बिलाच्या प्रोग्रॅमलाही गेज लावा

वाळूजच्या वर्कशॉपातून भोक पाडलेला पार्ट नुसत्या नजरेने पास होत नाही. गो-नो गो गेज लावतात: एक टोक आत गेलेच पाहिजे, दुसरे जाता कामा नये. भोके जितकी जास्त, तितकी तपासणी जास्त. संगणकाच्या प्रोग्रॅमचेही तसेच आहे.

समजा, आपण बिलाचा प्रोग्रॅम करून घेतला. माल राज्यात गेला की परराज्यात, हा त्यातला एक प्रश्न. १ जुलै २०१७ पासून राज्यात सीजीएसटी व एसजीएसटी, परराज्यात आयजीएसटी लागतो. सूट आहे की नाही, हा दुसरा. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये गुंतागुंतीचे माप सांगितले: अशा हो-नाहीच्या प्रश्नांत एक मिळवा. इथे तीन, म्हणून स्वतंत्र चाचण्याही तीन. प्रश्न दहा झाले की माप अकराच, पण एकमेकांशी जुळणाऱ्या शक्यता १,०२४! त्या कोण तपासणार? म्हणून जाणकार कराचा हिशेब वेगळा, सुटीचा वेगळा लिहितात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र तपासतात. यालाच युनिट टेस्ट म्हणतात.

मात्र चाचण्यांच्या संख्येवर भुलू नका. प्रोग्रॅम चालवला, पण आलेला आकडा बरोबर आकड्याशी ताडलाच नाही, तर ती चाचणी कसली? गेज पेटीतच राहिले म्हणायचे. चुकीच्या खात्यात कर भरला तर बरोबर कर आधी भरावा लागतो आणि चुकीचा परत मागत बसावे लागते. भांडवल तेवढे अडकते. तेव्हा पैसे चुकते करण्यापूर्वी परराज्यातले, सूट दिलेले एक बिल हाताने मांडा. बिलात दाखवलेली सूट आधी वजा करून उरलेल्या रकमेवर कर काढा, आणि मग प्रोग्रॅमचा आकडा शेजारी ठेवा.