पहिले ताट वाढणारे

कापसाच्या हंगामात बंडी भरून यवतमाळच्या बाजारात येणारा शेतकरी शिदोरी सोबत आणायचा. ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा, कांदा. मुक्काम लांबला तर तीन दगडांची चूल मांडायची, नाहीतर नातलगाचे घर गाठायचे. पैसे मोजून परक्याच्या हातचे खाणे कमीपणाचे वाटे. रांधणारा कोण, पाणी कोणाचे, भांडी कशी घासली, या शंकांपुढे भूकही मागे सरत असे.

१९०५ मध्ये ‘वणी’ जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच किलिक निक्सन कंपनीच्या अरुंद रुळांनी हे गाव मूर्तिजापूरला जोडले. आपली ‘शकुंतला’ रेल्वे ती हीच. जिन, कचेऱ्या, शाळा यांच्यामागोमाग दलाल, कारकून, वकील आणि विद्यार्थी आले. घर सोडून आलेल्या या माणसांना रोज दोन वेळा जेवू कोण घालणार? हाच प्रश्न मुंबई-पुण्यात त्याआधीच उभा राहिला होता. त्याची उत्तरे शोधणाऱ्यांत शाकाहारी उपाहारगृहांचे आद्य चालक होते. आपल्या सामाजिक इतिहासात त्यांना मानाचे पान मिळायला हवे.

पाटीवरचा शब्द

दादरला १९१० मध्ये नारायण विष्णू काणे, म्हणजेच मामा काणे, यांनी उपाहारगृह सुरू केले आणि त्याच्या नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द घातला. तिथला बटाटेवडा पुढे नावाजला, पण गिऱ्हाईक पहिल्यांदा आत आले ते त्या शब्दाच्या भरवशावर. बंगळुरूच्या मैया बंधूंनी १९२४ मध्ये सुरू केलेले उपाहारगृह पुढे ‘मावळ्ळी टिफिन रूम’ म्हणून गाजले. तिथे तर गिऱ्हाइकांना स्वयंपाकघरातून आत नेण्याची प्रथा होती. आधी चूल पाहा, मग ताटावर बसा. बाहेरच्या जेवणाची भीती जाहिरातीने जात नाही. ती रोज घासलेल्या भांड्यांनी जाते, हे या मंडळींना कळले होते.

पुण्यात १९३५ मध्ये नानासाहेब सरपोतदारांनी लक्ष्मी रस्त्यावर ‘पूना गेस्ट हाऊस’ काढले. नानासाहेब मूकपटांच्या काळातले नामवंत दिग्दर्शक. नाटक-सिनेमातली मंडळी तिथे जेवायला येत, आणि घरगुती मराठी ताटाला शहरात प्रतिष्ठा मिळाली.

माटुंग्याला स्टेशनजवळ ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ सुरू केले. महायुद्धाचा काळ, धान्याची टंचाई, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले. अशा दिवसांत एकट्या चाकरमान्याला केळीच्या पानावर परवडणारे, पोटभर जेवण वाढणे सोपे नव्हते. उडुपीच्या कृष्णमठातल्या अन्नदानाची शिस्त या मंडळींच्या अंगवळणी पडलेली होती, ती इथे कामी आली.

परदेशातली भूक

शाकाहारी माणसाची घराबाहेरची उपासमार सर्वांत तपशिलाने लिहून ठेवली ती गांधीजींनी. १८८८ मध्ये लंडनला गेलेला हा विद्यार्थी रोज मैलोन्‌मैल पायपीट करत शाकाहारी खानावळ शोधत होता. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवरचे ‘सेंट्रल’ सापडले आणि विलायतेत पाऊल ठेवल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण मिळाले. तिथेच विकत घेतलेल्या हेन्री सॉल्टच्या पुस्तकाने त्यांचा शाकाहार रूढीतून विचारात आणला. पुढे जोहान्सबर्गला एका बाईंचे शाकाहारी उपाहारगृह उभे राहावे म्हणून त्यांनी आपल्या अशिलाचे सुमारे हजार पौंड गुंतवले. ते बुडाले, आणि गांधीजींनी ती भरपाई स्वतः केली. पण त्याच शहरातल्या शाकाहारी उपाहारगृहात त्यांना अल्बर्ट वेस्ट आणि हेन्री पोलाक हे सहकारी भेटले. एका टेबलाभोवती माणसे जोडली जातात, ती अशी. हेच गांधीजी १९३६ मध्ये आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला येऊन राहिले.

दाराचा प्रश्न

या इतिहासाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहिली पाहिजे. शुद्धतेची हमी देणाऱ्या कितीतरी पाट्यांआड सोवळे-ओवळे होते. ज्यांच्या घामावर जिन चालत, त्यांतल्या कित्येकांना हॉटेलात बाकावर बसता येत नसे. कप वेगळा, जागा बाहेर. म्हणून कोल्हापूरचे गंगाराम कांबळे मला या मालिकेतले फार मोठे नाव वाटतात. त्यांच्याकडे काही थाळी नव्हती, होता तो चहा. अस्पृश्य मानल्या गेलेल्या या माणसाने शाहू महाराजांच्या पाठबळावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढले. महाराज तिथे आपली गाडी थांबवत, चहा घेत आणि बरोबरच्यांनाही पाजत. राजाने घेतलेल्या त्या एका कपाने अनेक सभांचे काम केले. १९५० मध्ये लागू झालेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहांचा नावानिशी उल्लेख आहे, त्यामागे अशा असंख्य अपमानांचा अनुभव उभा आहे.

आणि बायका? गिरणगावात कामगारांना घरोघरी खानावळ चालवून जगवणाऱ्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. रांधणे हा धंदा आहे आणि त्याला बँकेचे कर्ज मिळाले पाहिजे, हे त्यांनी पटवून दिले.

आपल्या गावची नोंद

आज यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणी, कुठल्याही बसस्थानकाजवळ सकाळी तर्रीपोहे आणि रश्श्यात बुडवलेला आलूबोंडा मिळतो. कोणी कोणाची जात विचारत नाही, शेजारी बसून खातात. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात ठरला. राज्याने गरिबांसाठी निवडलेले हे ताट शाकाहारीच आहे. स्वच्छता, परवडणारा दर आणि सर्वांना उघडे दार, ही तीन सूत्रे ज्यांनी घालून दिली, त्यांचे ऋण या प्रत्येक ताटावर आहे.

मोठ्या शहरांतल्या नावांची थोडीफार नोंद झाली. जिल्ह्याच्या गावांत पहिली भट्टी पेटवणाऱ्यांची कहाणी मात्र त्यांच्या नातवंडांच्या आठवणीतच आहे. वाचकहो, तुमच्या गावातल्या सर्वांत जुन्या हॉटेलच्या गल्ल्यावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे या दिवाळीत जा. पहिली पाटी, पहिले दरपत्रक, पहिला आचारी, आणि त्या दारातून कोणाला आत येऊ दिले जात नव्हते, हे सारे विचारा आणि लिहून काढा. गावाचा इतिहास लिहिताना वाडे आणि देवळांइतकेच या भटारखान्यांनाही स्थान द्या.