विजेचा दर आणि आपला शब्द

पारावर विजेच्या बिलाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘दर काय, तिकडे मुंबईत ठरतात. आपल्याला कोण विचारतो?’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा मात्र खरा नाही. विचारतात, कायद्याने विचारावेच लागते. पण विचारल्याची हाक आपल्या गावापर्यंत पोचत नाही, आणि पोचली तरी आपण ओ देत नाही. ही हाक कोण घालतो, कशी घालतो आणि आपण ओ न दिल्याने काय होते, ते आज पाहू.

पूर्वीची गोष्ट अगदी निराळी होती. १९६० साली महाराष्ट्र राज्याबरोबर राज्य वीज मंडळ स्थापन झाले. खेडोपाडी तारा नेण्याचे मोठे काम या मंडळाने केले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण विजेचा दर मंडळानेच ठरवायचा, सरकारने मान डोलवायची, आणि लोकांनी तो बिलावर वाचायचा, अशी रीत होती. हिशेब चार भिंतींच्या आत. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा करार १९९३ साली झाला, तोही याच रीतीने. जाहीर चौकशी नाही, उघड हिशेब नाही. पुढे ती वीज इतकी महाग पडू लागली की २००१ साली मंडळाला खरेदीच थांबवावी लागली. बंद खोलीत ठरलेला दर शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हे महाराष्ट्राला त्या एका प्रकरणाने चांगलेच शिकवले.

तोवर नवा कायदा आला होता. १९९८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. आता हा आयोग २००३ च्या वीज कायद्याखाली काम करतो. वीज मंडळाचे २००५ साली तुकडे झाले : वीज तयार करणारी कंपनी निराळी, उंच मनोऱ्यांवरून वाहून नेणारी निराळी, आणि आपल्या दारात आणून बिल देणारी महावितरण निराळी. या कंपन्यांनी आपला खर्च आयोगापुढे मांडायचा आणि किती दर हवा ते मागायचे. मागणी वर्तमानपत्रांतून जाहीर करायची. लोकांच्या सूचना आणि हरकती घ्यायच्या. त्यांचा विचार करून मगच, अर्ज दाखल करून घेतल्यापासून १२० दिवसांच्या आत, आयोगाने आदेश द्यायचा. ही सारी कायद्याच्या कलम ६४ मधली तरतूद. आयोगाने आपला कारभार पारदर्शक ठेवला पाहिजे, हेही कायद्यातच लिहिले आहे. ग्राहकाला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली बंगालमधल्या एका प्रकरणात सांगितले. तेव्हा ही कोणाची मेहेरबानी नव्हे, बरं का.

आता न्याय्य दर म्हणजे काय? सर्वांना सारखा दर, असा त्याचा अर्थ कायदा करीत नाही. कोणावर गैरवाजवी मेहेरनजर करू नये, असे कलम ६२ म्हणते; पण वापर किती, कोणत्या वेळी, कोणत्या कामासाठी, हे पाहून दरात फरक करायला मुभा देते. म्हणून घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना कमी दर, पुढे ३०० पर्यंत चढा, त्यापुढे आणखी चढा. म्हणूनच दुकानाचा आणि कारखान्याचा दर शेतीपेक्षा जास्त. जो अधिक देतो तो जो कमी देतो त्याचा थोडा भार उचलतो. यात चूक नाही. एकत्र कुटुंबात कमावता भाऊ असेच करतो. पण कमावत्या भावाला किराण्याचा हिशेब विचारायचा हक्क असतोच. आणि धाकट्यालाही असतो, कारण त्याच्या नावावर किती खर्च मांडला आहे ते त्याला कळायला हवे.

गोम इथेच आहे. घराला मीटर, गिरणीला मीटर, यंत्रमागाला मीटर. शेतीपंपांपैकी मोठ्या संख्येला मात्र वर्षानुवर्षे मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर. मग पंपांनी किती वीज ओढली? अंदाज! आणि चोरीची, तारांत जिरलेली, नोंदच न झालेली वीज किती? एकूण विजेतून मीटरची वीज वजा करा, पंपांचा अंदाज वजा करा, उरेल ती गळती. म्हणजे पंपांचा अंदाज जितका फुगेल तितकी गळती आपोआप बारीक दिसेल. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आपण सारे जाणतो. पण इथे खाल्लेले पीठही दळणाऱ्याच्याच नावावर लिहिले जाते!

हे नुसते तर्काने म्हणत नाही. नव्वदीच्या दशकात वीज मंडळ आपली गळती अठरा टक्क्यांच्या आतबाहेर सांगत असे. आयोगापुढे पहिली सुनावणी झाली, हिशेब टेबलावर आला, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या अभ्यासू संस्थांनी तो तपासला, आणि २००० सालच्या पहिल्या दर आदेशापर्यंत हाच आकडा तिसाच्या पुढे गेला. वीज तीच, तारा त्याच. फक्त उघड्यावर मोजणी झाली. पुढेही पंपांचा वापर वाढवून दाखवला जातो अशा हरकती येत राहिल्या. आयोगाने शेतीच्या वीजवापराच्या अभ्यासासाठी एक कार्यगट नेमला, आणि २०२० च्या आदेशात शेतीचा वापर कंपनीच्या दाव्यापेक्षा कमी धरला. तारेवर टाकलेला आकडा वायरमनला दिसतो. कागदावर टाकलेला आकडा दिसायला सुनावणी लागते.

गुरुजी, हे गणित सातवीच्या वर्गात फळ्यावर सोडवता येईल. एक अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट. पाच अश्वशक्तीचा पंप ३.७३ किलोवॅटचा झाला. पंपाची कार्यक्षमता वगैरे बारकावे तूर्त सोडून देऊ. हा पंप दिवसाला ८ तास, वर्षातले २०० दिवस चालला तर ५,९६८ युनिट होतात. पण विहिरीला पाणी असेल तेवढेच दिवस पंप चालणार ना? तो ६ तास आणि १५० दिवसच चालला असेल तर होतात ३,३५७. एका पंपामागे २,६११ युनिटांचा फरक. एका डीपीवर असे वीस पंप धरले तर ५२,२२० युनिट. एवढी वीज शेतात गेली की वाटेतच मुरली, याचे उत्तर मुंबईच्या कचेरीत नाही. विहिरीत डोकावून पाणी पाहणाऱ्या माणसाकडे आहे. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याचे तास निराळे, उजनीच्या काठावरच्या ऊसवाल्याचे निराळे, आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी तर जमिनीतल्या ओलीवरच येते. एकाच सरासरीत तिघांना कोंबले की हिशेब बिघडलाच.

कोणी म्हणेल, आता आम्हांला बिलच नाही, मग या मोजणीशी काय देणेघेणे? एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारच्या योजनेत वीज मोफत आहे, हे खरे. पण मोफत म्हणजे फुकट तयार झालेली नव्हे. सरकारने सवलत द्यायची तर तिचे पैसे कंपनीला आगाऊ भरावेत, असे कलम ६५ सांगते. ते पैसे युनिटांच्या हिशेबानेच निघतात, आणि तिजोरी तुमच्याआमच्या कराचीच असते. शिवाय योजना पाच वर्षांची आहे. २००४ साली आपल्या सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना शेतीला मोफत वीज जाहीर झाली होती. २००५ मध्ये ती सवलत गेली. सवलत जाते तेव्हा कागदावरची अश्वशक्ती आणि कागदावरचे तास तेवढे मागे राहतात. विहिरीवर तीनचा पंप आणि बिलावर पाचचा, ही तक्रार शेतकरी उगीच करीत नाहीत.

सोलापूर शहराची बाजू दुसरी आहे. इथली चादर आणि टॉवेल यंत्रमागावर निघतो, आणि मागवाल्याच्या खर्चात सुताखालोखाल विजेकडे पाहावे लागते. यंत्रमागाच्या सरकारी सवलतीत २७ अश्वशक्ती ही एक रेघ आखलेली आहे; तिच्या अलीकडे एक सवलत, पलीकडे दुसरी. रेघ तिथेच का, असा प्रश्न मागवाला विचारू शकतो, आणि विचारावा. पण सवलत सरकारची आणि मूळ दर आयोगाचा, हे ध्यानात ठेवावे, नाहीतर अर्ज भलत्या दारी जातो. तसेच आणखी एक. आहेरवाडी-फताटेवाडीच्या शिवारात एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे वीज केंद्र उभे आहे, मग जिल्ह्याला स्वस्त वीज का नाही, असे लोक विचारतात. ती वीज राष्ट्रीय जाळ्यात जाते, तिचा दर दिल्लीचा केंद्रीय आयोग ठरवतो, आणि महावितरण ती इतर विजेसारखीच विकत घेते. धुराडे आपल्या शिवारात असल्याने बिलात फरक पडत नाही. हे योग्य की अयोग्य, हा वाद घालण्यासारखा आहे. पण तो घालायचे ठिकाण निराळे.

मग सुनावणीला जातो कोण? मुंबई ग्राहक पंचायत, ‘प्रयास’, ठाणे-बेलापूरचे आणि विदर्भातले उद्योजक संघ, यांना आयोगाने ग्राहकांचे प्रतिनिधी म्हणून मान दिला आहे. इचलकरंजीच्या मागवाल्यांचा आवाज प्रताप होगाडे यांच्या वीज ग्राहक संघटनेने वर्षानुवर्षे तिथे पोचवला. ही मंडळी चांगले काम करतात. पण कोरडवाहू शेतकरी, विडी वळणारी बाई, एक-दोन मागांवर पोट भरणारा कारागीर त्या दालनात क्वचितच दिसतो. महावितरणच्या सुनावण्या नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा मोठ्या शहरांत होत आल्या आहेत. सोलापूरकराला जवळचे ठिकाण पुणे, म्हणजे अडीचशे किलोमीटर. वेळ बहुधा फेब्रुवारीची : रानात ज्वारीची काढणी, कारखान्याला ऊस, शाळेत परीक्षा जवळ आलेल्या. आदेश निघतो तो शेकडो पानांचा, आणि इंग्रजीत. आमच्या सोलापुरात घरात तेलुगू, बाजारात कानडी आणि शाळेत मराठी असणारी माणसे आहेत. त्यांनी तो इंग्रजी ग्रंथ कसा वाचायचा? लोकांना विचारायचे तर निदान निकालाचा सारांश तरी लोकांच्या भाषेत असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि विचारण्यातही खंड पडतो. २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने पुढच्या पाच वर्षांचा दर आदेश दिला. त्याआधी जाहीर सुनावणी झाली होती. महावितरणने फेरविचार मागितला. २ एप्रिलला आदेश स्थगित झाला, आणि २५ जूनला फेरविचाराचा निकाल लागून १ जुलैपासून नवे दर सुरू झाले. या दुसऱ्या खेपेला लोकांना पुन्हा जाहीरपणे विचारले नाही, अशी उद्योजकांची आणि ग्राहक संघटनांची तक्रार होती. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पहिल्या आदेशाच्या आकड्यांवर लोकांचे ऐकले, पण बदललेल्या आकड्यांवर नाही, तर ऐकून घेणे अर्धेच झाले की!

आता हरकत कशी लिहावी, ते थोडक्यात. पुण्याला जायलाच हवे असे नाही. लेखी हरकतही तितकीच विचारात घ्यावी लागते. वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, तीत शेवटची तारीख आणि पत्ता असतो. प्रस्तावाचा मराठी सारांश कंपनीने उपलब्ध करायचा असतो, तो मागून घ्यावा. अर्ज मराठीत चालतो. ‘दर फार वाढले, गरिबाने जगावे कसे?’ एवढेच लिहिले तर ते वाक्य आदेशात नोंदले जाते, त्याखाली कंपनीचे ठरीव उत्तर छापले जाते आणि पान उलटते. त्यापेक्षा आपल्या गावाचे लिहावे : आमच्या डीपीवर पंप इतके, प्रत्यक्ष अश्वशक्ती इतकी आणि बिलावर इतकी, वीज आठवड्यातून इतके तास आली, विहिरी अमुक महिन्यात आटल्या. मोजलेल्या आकड्याला उत्तरही आकड्यानेच द्यावे लागते, आणि आयोगाला त्यावर आपले मत लिहावे लागते. निकाल पटला नाही तर दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत जाता येते, मात्र ते काम एकट्यादुकट्याचे नव्हे.

मीटर पळतो, डीपी जळाली, नाव चुकले, अशा घरच्या तक्रारी या अर्जात घालू नयेत. त्यांसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. बिलावरचे विद्युत शुल्क हा तर सरकारी कर आहे. त्याबद्दल आयोगाला लिहून उपयोग नाही, आमदाराला लिहावे.

तासांची नोंद मात्र आजपासून ठेवता येईल. एक वही, तारीख, वीज किती वाजता आली, किती वाजता गेली. शाळेतली वरच्या वर्गाची मुले हे काम हौसेने करतील. फक्त रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात ती नोंद घरच्या मोठ्या माणसाने घ्यावी, मुलांना अंधारात विहिरीकडे पाठवू नये.