वाद्यविरहित जॅझ गायन : ‘टेक सिक्स’ या गायकवृंदाच्या संदर्भात

प्रस्तावना :
जॅझ म्हटले की ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो आणि ड्रम ही वाद्ये डोळ्यांसमोर येतात. मात्र या वाद्यांचे कार्य केवळ कंठाने पार पाडणारे गायकवृंदही निर्माण झाले. अमेरिकेतील ‘टेक सिक्स’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. वाद्यांच्या अभावी कंठावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या फिस्क या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १८७१ मध्ये निधिसंकलनार्थ गायनाचे दौरे सुरू केले. त्यांच्या भक्तिगीतांच्या वारशातून पुढे चार आवाजांच्या वृंदांची परंपरा रुजली. त्याच धर्तीवर अलाबामा राज्यातील ओकवुड महाविद्यालयात १९८० मध्ये क्लॉड मॅकनाइट यांनी चौघांचा गट उभारला. त्यांचा सराव कानी पडताच मार्क किबल यांनी त्यात पाचवा स्वर मिळवला. पुढे सहावा गायक आला. १९८८ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९८९ मध्ये त्यांना दोन ग्रॅमी पुरस्कार लाभले. एक गॉस्पेल गायनासाठी, दुसरा जॅझ गायनासाठी.

रचनाविशेष :
पाश्चात्त्य संगीतातील मूळ कॉर्ड तीन स्वरांची असते. जॅझमध्ये तिच्यावर सातवा, नववा, अकरावा, तेरावा असे स्वर रचले जातात. चार कंठांना हा विस्तार अपुराच साधतो. सहा कंठांना तो बऱ्याच अंशी पेलतो. म्हणजेच वाढलेल्या दोन गायकांमुळे गायनाचे स्वरूपच पालटले. खर्जाचा आवाज डबल बासचे काम करतो, तर व्यंजनांचे आघात, श्वास व चुटक्या लय राखतात.

सर्वांत कठीण प्रश्न सुराचा आहे. आपल्या रागगायनात तानपुरा षड्जाचे भान सतत देत असतो. येथे तसा आधार नाही. शेजारच्या गायकाचा स्वर अवघ्या अर्ध्या स्वराच्या अंतरावर असल्यास त्याकडे ओढले जाण्याचा धोका असतो. शिवाय सर्वजण एकत्रच किंचित उतरले, तर परस्परांतील अंतरे कायम राहिल्याने ती घसरण त्यांच्या लक्षातही येत नाही.

निष्कर्ष :
१९९४ च्या ‘जॉइन द बँड’ या ध्वनिमुद्रिकेत याच वृंदाने वाद्यांची साथ घेतली. यावरून वाद्यविरहित गायन ही त्यांनी स्वेच्छेने पत्करलेली शिस्त होती, हे स्पष्ट होते. या शिस्तीत प्रत्येक गायक इतरांचा साथीदार ठरतो. गाण्याइतकेच ऐकणेही येथे साधनेचा भाग आहे, असे म्हणता येईल.