गाभ्याच्या चाचण्या आणि नवागताची मार्गदर्शिका

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. १८४० च्या दशकात ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापन करीत होते, आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींसमवेत त्यांनी याच नगरीत मानवधर्मसभा स्थापन केली. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लघुव्याकरण स्वतंत्रपणे लिहिले. भाषा तीच, नियमही तेच. तरीही जाणत्यासाठी रचलेला ग्रंथ नवशिक्याच्या हाती तसाच ठेवून भागत नाही. हाच प्रश्न आज एका सर्वस्वी निराळ्या क्षेत्रात उभा आहे. मी संगणकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. परंतु प्रश्न लेखनाचा असल्याने त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

संगणकाच्या प्रचालन प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो यंत्र आणि आज्ञावली यांच्यामधील कारभारी होय. कोणत्या कामाला किती स्मृती द्यावी, फाइल कोठून वाचावी, प्रक्रियकाचा वेळ कोणाला केव्हा मिळावा, हे तो ठरवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेला लिनक्स हा असाच गाभा. आपल्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच असतो. जगभरातील हजारो लोक त्यात भर घालतात. एका ठिकाणची दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी बिघाड करू शकते. म्हणून प्रत्येक भागाने काय करणे अपेक्षित आहे ते तपासणाऱ्या छोट्या आज्ञावली, म्हणजे चाचण्या, लिहाव्या लागतात. त्या कशा लिहाव्यात हे सांगणारी मार्गदर्शिका हा या लेखाचा विषय.

नवागताचा पहिला प्रश्न साधा असतो : माझी चाचणी लिहावी कोठे? लिनक्समध्ये याची मुख्यतः दोन दालने आहेत. केसेल्फटेस्ट या दालनातील चाचण्या बहुतांशी गाभ्याच्या बाहेरून, सामान्य आज्ञावलीप्रमाणे चालतात आणि गाभा बाहेरच्यांशी दिलेला शब्द पाळतो की नाही हे पाहतात. केयुनिट हे दालन जानेवारी २०२० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून आहे. त्यातील चाचण्या गाभ्याच्या आत राहून एकेक लहान घटक तपासतात. दोहोंची माहिती आपापल्या जागी होती. पण निवड कशी करावी हे एका ठिकाणी समजावून देणारे प्रास्ताविक पान २०२१ मध्ये जोडले गेले. जाणत्याला ते अनावश्यक वाटेल. नवागताला मात्र तेथूनच वाट सापडते.

दुसरा प्रश्न शब्दांचा. केयुनिटमध्ये 'एक्स्पेक्ट' आणि 'असर्ट' अशा दोन प्रकारच्या पडताळण्या आहेत. दिसायला त्या समानार्थी. प्रत्यक्षात भेद महत्त्वाचा. पहिली फसली तर चाचणी अयशस्वी ठरते, पण पुढील तपासणी चालू राहते. दुसरी फसली तर ती चाचणी तेथेच थांबते. स्मृतीत जागा मागितली आणि ती मिळालीच नाही, तर त्या जागेतील मजकूर तपासण्यात अर्थ नाही. तेथे 'असर्ट' हवे. जागा मिळाल्यावर तिच्यातील चार मूल्ये एकामागून एक पाहायची असतील तर 'एक्स्पेक्ट' योग्य, कारण एक चुकले तरी उरलेल्या तिहींचा हिशोब कळतो. केवळ व्याख्या देऊन हा भेद मनावर ठसत नाही. त्यासाठी असे उदाहरण शेजारी असावे लागते.

तिसरी बाब निकालाची. उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांखेरीज 'वगळली' असा तिसरा निकाल असतो. ज्या यंत्रावर आवश्यक ती सोयच नाही, तेथे चाचणीने स्वतःला अनुत्तीर्ण म्हणवून घेऊ नये. केसेल्फटेस्टमध्ये यासाठी ४ हा अंक परत देण्याचा संकेत आहे. हा एवढा संकेत सांगायचा राहिला, तर निर्दोष गाभ्यावर दोषारोप होतो आणि कोणाचे तरी दिवस व्यर्थ जातात.

मार्गदर्शिकेचा सर्वांत मोठा शत्रू काळ होय. आज्ञावली बदलते, वर्णन जुनेच राहते. यावरील एक उत्तम उपाय लिनक्समध्येच दिसतो : रस्ट या भाषेत लिहिलेल्या भागांच्या माहितीत दिलेली उदाहरणे २०२३ च्या ६.६ आवृत्तीपासून केयुनिटच्या चाचण्या म्हणून चालवता येतात. उदाहरण कालबाह्य झाले की चाचणीच ते सांगते. जेथे अशी सोय नाही, तेथे नवागत हीच परीक्षा. त्याने मार्गदर्शिका समोर ठेवून पहिली चाचणी लिहावी, आणि जेथे अडखळला ते प्रत्येक स्थळ टिपून ठेवावे. ती टिपणे दुरुस्ती म्हणून पाठवता येतात, कारण मार्गदर्शिकेचा मजकूर मूळ आज्ञावलीच्याच भांडारात असतो आणि त्याच मार्गाने तपासला जातो. सरावलेल्या माणसाला ही स्थळे दिसत नाहीत. ती पाहण्याची दृष्टी नवागताजवळ थोडेच दिवस असते.

सुरतेत नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळांतून खानदेशातून आलेल्या कामगार कुटुंबांची मुले शिकतात. त्यांतील एखादी मुलगी उद्या अभियंता होऊन हे काम हाती घेईल. केयुनिटच्या चाचण्या चालवायला तिला वेगळे यंत्र लागणार नाही. गाभा सामान्य आज्ञावलीसारखा तिच्याच संगणकावर चालवता येतो. पण हे सांगणारे वाक्य तिला वेळेवर भेटले नाही, तर दोष आपल्याच बुद्धीचा असे समजून ती निमूट माघारी फिरेल, आणि ती गेली हे कोणाला कळणारही नाही. गाळलेल्या वाक्याची ही किंमत आहे. वर्गात न विचारलेल्या शंकेचे उत्तर देणारा शिक्षक आपण सर्वांनी कधी ना कधी अनुभवला आहे. मार्गदर्शिका लिहिणाऱ्याने त्याच शिक्षकाची जागा घ्यावयाची असते.